उत्तर ठाऊक असते, पण तोंड उघडत नाही

ताई, लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातील एका गावातून मी जुलैमध्ये पुण्यात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आले. दहावीपर्यंत माझे माध्यम मराठी होते आणि बारावीलाही सर इंग्रजी पुस्तकातले मराठीतच समजावून सांगत. येथे तासाला प्रश्न विचारला की उत्तर ठाऊक असते, पण मनात इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत दुसरेच कोणी उत्तर देऊन मोकळे होते. खोलीतील मुलींना मी 'काय करलालीस?' असे विचारले तेव्हा त्या हसल्या. तेव्हापासून मी खोलीतही गप्प असते. बाबांनी सोयाबीनच्या पैशातून फी भरली आहे, म्हणून फोनवर सगळे ठीक असल्याचे सांगते. वर्गात शिरताना छातीत धडधडते. दिवाळीला घरी गेले की परत येऊच नये, असे वाटते.
– शेवटच्या बाकावरची

प्रिय मुली,

तुझे पत्र मी दोनदा वाचले. इंग्रजी ही तुझी अडचण आहे असे तुला वाटते. पण उत्तर ठाऊक असते, हेही तूच लिहिले आहेस. मला अधिक काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तू वर्गात बोलत नाहीस, खोलीत बोलत नाहीस आणि घरच्यांशी जे बोलतेस ते खरे नसते. गेले कित्येक आठवडे एकाही माणसाशी मोकळेपणाने बोलणे झाले नसेल, तर छातीत धडधडणारच.

म्हणून सुरुवात फोनपासून कर. 'मला येथे अजून करमत नाही, वर्गात बोलायची भीती वाटते, पण परीक्षा देणार आहे,' एवढे आईला सांग. फीचे ओझे मनावर असल्यामुळे बाबांना सांगणे जड जात असेल, तर आईमार्फत कळू दे. आपल्याला वाटते तितके आपले 'सगळे ठीक आहे' घरच्यांना पटत नसते. आवाजावरून त्यांना बरेच कळते आणि खरे कारण न कळल्यामुळे ते भलतीच काळजी करत बसतात.

आता वर्गाविषयी. भरल्या वर्गात हात वर करण्याचा आग्रह मी तुला एवढ्यात धरणार नाही. त्यापेक्षा प्रयोगशाळेचा उपयोग करून घे. प्रॅक्टिकलची बॅच लहान असते, तेथे बोलायला मुभा असते आणि जर्नलवर सही घेण्यासाठी तुला मॅडमसमोर उभे राहावेच लागते. प्रत्येक सहीच्या वेळी त्या दिवसाच्या प्रयोगाविषयी एक प्रश्न विचारायचा, असे ठरव. टायट्रेशनमध्ये रंग बदलल्यानंतरही आणखी थेंब पडला तर आकडेमोडीत काय चुकते, इतका साधा प्रश्नही चालेल. तो आदल्या रात्री वहीत इंग्रजीत लिहून ठेव आणि ऐन वेळी वाक्य अडले तर 'मॅडम, मराठीत विचारू का?' असे सरळ म्हण. पुण्यात शिकवणारे कितीतरी प्राध्यापक स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेले आहेत. तुझा अडखळणारा प्रश्न त्यांना नवा नाही. रसायनशास्त्रातले 'क्षपण' ज्याला नीट समजले आहे त्याला त्याचेच इंग्रजी नाव 'रिडक्शन' नव्याने शिकावे लागत नाही, फक्त तो शब्द तोंडात रुळावा लागतो, आणि तो मनातल्या मनात कितीही घोकला तरी रुळत नाही. मोठ्याने बोलावेच लागते. चार-पाच सह्यांनंतर मॅडम तुला नावाने ओळखू लागतील, आणि मग त्यांच्या तासाला हात वर करणे आजच्याइतके अवघड वाटणार नाही.

खोलीतल्या मुलींचे हसणे मला आवडले नाही. त्यात दुष्टपणा असेलच असे नाही; अठराव्या वर्षी कानाला वेगळे लागले की हसू येते. तरीही त्यासाठी तू आपली बोली बदलू नयेस. मात्र हसण्याची जागा टोमण्यांनी किंवा त्रासाने घेतली, तर वसतिगृहाच्या रेक्टरांना लगेच सांग. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाची (युजीसी) मदतवाहिनी 1800-180-5522 या क्रमांकावर आहे. तुझ्या पत्रावरून गोष्ट तेथवर गेल्याचे दिसत नाही.

दिवाळीनंतर परत न येण्याचा विचार मात्र तूर्त बाजूला ठेव. सत्र अर्धवट सोडले तर हाती काहीच राहत नाही. उलट परीक्षा देऊन मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक, तुझ्या नावावर 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात, आणि पुढे कधी लातूरला किंवा नांदेडला जावेसे वाटले तर त्यांचा उपयोग होऊ शकतो. परत जाण्यात कमीपणा आहे असे मी मानत नाही. पण तो निर्णय निकाल हाती आल्यावर घरच्यांशी बोलून घ्यावास, भीतीच्या भरात नव्हे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट पाहू नकोस. महाविद्यालयाच्या समुपदेशकांना भेट किंवा 14416 या 'टेली-मानस'च्या क्रमांकावर फोन कर. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

आणि आज रात्री मेसला एकटी जाऊ नकोस. त्या मुलींपैकी जी सगळ्यांत कमी हसली होती, तिला सोबत बोलाव. 'मेसला येलालीस का?' असेच विचार.

तुझी,
ताई