पहाऱ्यावरचा मावळा ताठ का दिसतो?

प्रश्न : दिवाळीच्या किल्ल्यासाठी मी शिवकाळातील मावळ्याची १६.५ सेंटिमीटर उंचीची मूर्ती इपॉक्सी पुटीत (दोन घटक एकत्र मळले की हळूहळू कडक होणाऱ्या लगद्यात) घडवीत आहे. तो भाला टेकवून पहाऱ्यावर उभा आहे. परंतु अंगरखा अंगाला चिकटवल्यासारखा दिसतो आणि मावळा कवायतीला उभा असल्यासारखा वाटतो. काय चुकत असावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे : शरीर पुरे होण्याआधीच त्यावर कपडा चढला आहे. आपली मूर्ती १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या एक दशांश आहे. उंची डोक्याच्या साडेसातपट धरली, तर डोके सुमारे २.२ सेंटिमीटरचे हवे. तारेचा सांगाडा वाकवतानाच भार एका पायावर टाकावा, म्हणजे त्या बाजूचा कटिभाग वर चढतो आणि खांदा खाली उतरतो. मात्र मावळा भाल्यावर रेलला असेल, तर भाल्याकडचा खांदा उलट वर ढकलला जातो, आणि ताठपणा मोडतो तो नेमका येथे.

हे उघडे शरीर पूर्ण वाळल्यावरच अंगरखा चढवावा. चुण्या वाटेल तेथे कोरायच्या नसतात. कापड जेथे ताणले जाते तेथून, म्हणजे उचललेला खांदा, वाकलेले कोपर आणि शेल्याची गाठ येथून, त्या निघतात आणि खाली विरत जातात. घरातील कोणाला सैल झब्बा घालून, कमरेला उपरणे करकचून बांधून, हाती काठी देऊन उभे करावे व चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कमरेखालचा घेर मात्र झब्ब्यात मिळत नाही; त्यासाठी परकराच्या चुण्या पाहाव्यात. (मॉडेल कुरकुरेल, पण पाच मिनिटांनी थकून त्याने भार बदलला की खरी ढब सापडते.)

सुती कापडाची खरी जाडी या प्रमाणात साधणे अशक्यच असते, म्हणून फक्त कडा, म्हणजे बाहीचे तोंड आणि घेराची किनार, ओल्या कोरणीने कागदासारख्या पातळ कराव्यात. डोळा तेवढ्यावरून संपूर्ण वस्त्र पातळ मानतो. पुटी थोडी थोडीच मळावी आणि ती किंचित घट्ट झाल्यावर चुण्या काढाव्यात, कारण ताज्या पुटीतील चुणी बसून जाते.

डोक्याला साधे मुंडासे द्यावे. बाजारातील काही मावळ्यांच्या डोक्यावर पेशवाईतील चक्री पगडी दिसते, ती शिवकाळाची नव्हे.