जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे माझा चार म्हशींचा नवा गोठा आहे. शिकवायला अनुभवी माणूस कसा निवडावा?

तुमच्याच दूध संस्थेत दूध घालणारा, जवळपास तेवढीच जनावरं असलेला आणि मे महिन्यातही ज्याचं दूध फारसं पडत नाही असा माणूस धरा. पन्नास संकरित गायींचा फार्म पाहून भुलू नका भाऊ, त्याचा हिशोबच वेगळा. मी संकलन केंद्रावर बसतो, म्हणून सांगतो: खान्देशात पारा ४४-४५ वर गेला की म्हशी चारा टाकतात, दूध आटतं आणि माज (म्हैस फळायला तयार असल्याची वेळ) मुका होतो. ना ओरडणं, ना धड सोट (मागून येणारा चिकट स्राव). पहाटे धारेच्या वेळी बारकाईने पाहिलं तरच कळतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन, हा नियम कोणीही सांगेल, पण ओळखायची नजर दुसऱ्याच्या गोठ्यात उभं राहूनच येते. नाव संस्थेच्या सचिवाला विचारा, कोणाची फॅट वर्षभर टिकते ते त्याला पाठ असतं. पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करा. जाताना वही न्या:

- रोजचं दूध आणि फॅट
- सरकी ढेप किती घातली
- रेतनाची तारीख

वही नसली की नुसत्या चहाच्या गप्पा होतात.

एक मात्र पाळा: कासेला सूज किंवा दुधात गाठी दिसल्या तर थेट पशुवैद्यक. त्या अनुभवी माणसाकडची उरलेली अँटिबायोटिकची ट्यूब घेऊ नका. अर्धवट उपचाराने दगडी (हाच तो कासेचा आजार) दबते, जात नाही, आणि औषध चालू असतानाचं दूध संस्थेत घालायचं नसतं.