आधी छेद लिही

इंदूर

चि. डॉक्टरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

तक्ता मिळाला. आयसीयूत ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पॉझिटिव्ह फेब्रुवारीत 9, मार्चमध्ये 14, आणि खाली तुझा घाबरा प्रश्न: 'इन्फेक्शन वाढलं ना?' उत्तर देता येत नाही. तू अंश पाठवलास, छेद पाठवला नाहीस.

चौदा, पण कशापैकी? एम.वाय.सारख्या मोठ्या हॉस्पिटलचे 14 आणि पलासियातल्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होमचे 14 सारखेच का? मार्चमध्ये कुणी प्रत्येक तापाला कल्चर पाठवू लागलं असेल, तर पॉझिटिव्ह वाढणारच. उलट गेरीच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या आठवड्यात निम्म्या खाटा रिकाम्या असतील, तर तेच 14 जास्त गंभीर.

रोज एकाच ठरलेल्या वेळी दोन आकडे लिही: आयसीयूत पेशंट किती, त्यांपैकी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, किती जणांना. एकाला दोन लाइन असल्या तरी त्या दिवसाचा लाइन-दिवस एकच. महिनाअखेर बेरीज कर. लाइनशी निगडित संसर्ग भागिले लाइन-दिवस, गुणिले 1000. पाच संसर्ग 400 लाइन-दिवसांत झाले तर दर 12.5, तेच पाच 800 दिवसांत झाले तर 6.25. अंश तोच, गोष्ट निराळी.

आणि तुझा अंशही कच्चा आहे. ओळ 3, 4 आणि 7 एकाच पेशंटच्या, तोच क्लेबसिएला जंतू, नऊ दिवसांत. 14 दिवसांच्या आत पुन्हा आलेलं कल्चर नवा संसर्ग नव्हे. तिन्ही मिळून एक. ओळ 11 मध्ये कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ, तोही चारपैकी एकाच बाटलीत. हा कातडीवरचा जंतू. वेगवेगळ्या वेळी टोचून घेतलेल्या दोन कल्चरमध्ये आला आणि ताप, थंडी किंवा उतरलेलं बीपी सोबत असलं, तरच मोज. स्टॅफ ऑरियस किंवा ई. कोलाय मात्र एका बाटलीतही पुरे. ओळ 12 साल्मोनेला टायफी, कल्चर दाखल झाल्या दिवशीचं: हा टायफॉइड घरून आला. तिसऱ्या दिवसापासून पुढचंच हॉस्पिटलच्या खात्यात धरतात. राहिले दहा. फेब्रुवारीचे नऊही असेच चाळ.

कार्बापेनेम रेझिस्टन्सची (त्या जोरदार अँटिबायोटिक्सना जंतू किती दाद देत नाहीत याची) टक्केवारी या दहांवर काढू नकोस. एका जंतूचे निदान 30 आयसोलेट, म्हणजे कल्चरमधून वेगळे केलेले नमुने, हवेत, प्रत्येक पेशंटचा पहिलाच. तिथेही छेदच.

आता बाटली. मोठ्या माणसाच्या रक्तात कित्येकदा मिलिलिटरमागे एखादाच जंतू असतो. तीन मिली घातलंस तर खरा संसर्ग निगेटिव्ह येतो आणि तुझ्या तक्त्यात उतरतच नाही. एका बाटलीत 8 ते 10 मिली, दोन बाटल्यांचा एक सेट, दोन्ही हातांतून एकेक सेट, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. लेबलवर भरण्याच्या पातळीची खूण आधीच पेनाने कर. बारकोडवर काही चिकटवू नकोस. रबरी बूच 70 टक्के अल्कोहोलने पूस, आयोडीन नको. कातडीवर अल्कोहोलमधलं 2 टक्के क्लोरहेक्सिडीन तीस सेकंद घास आणि पूर्ण सुकू दे. सुकायच्या आधीच सुई टोचली जाते, सगळं तिथेच बिघडतं! पुसल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. भरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही. कंटॅमिनेशन, म्हणजे कातडीवरचा जंतू बाटलीत शिरून आलेलं खोटं पॉझिटिव्ह, 3 टक्क्यांच्या खाली हवं. आणि ते कशापैकी, हे आता तूच सांग.

छेदाशिवाय आकडा मी मीटिंगमध्ये वाचू देत नाही. हेकेखोर म्हणतात, म्हणोत. नुसता अंश वाचला की खापर नर्सिंग स्टाफवर फुटतं आणि नंतर आकडा चूक निघाला तरी त्यांची माफी कुणी मागत नाही. तसं फुटत असताना गप्प बसल्याची खंत मला आजही आहे, म्हणून हा हट्ट सोडणार नाही. तू हुशार आहेस, मेहनती आहेस, पण घाई करतेस. 'वाढलंय' हा शब्द प्रमुखांच्या कानावर घालण्याआधी दोन दिवस थांब.

फेब्रुवारीचे लाइन-दिवस सिस्टरांच्या रजिस्टरमध्ये असतील तर उतरवून घे. नसतील तर फेब्रुवारी सोडून दे, अंदाजाने भरू नकोस. एक तारखेपासून रकाना आखायला घे.