डिग्रीचा फॉर्म भरण्याआधी

प्रिय मुली,

नोकरी सांभाळून नर्सिंगची डिग्री करायची म्हणतेस, आणि नाइट ड्यूटी करून आल्यावर पुस्तक उघडायची ताकद राहील का, असं विचारलंस. राहत नाही. नाइट उतरल्या दिवशी झोपच काढायची, तो दिवस अभ्यासात धरूच नकोस. म्हणून कॉलेज शोधण्याआधी वॉर्डाच्या इन्चार्जशी बोल. कोणते वार मोकळे मिळतील, क्लिनिकल पोस्टिंगच्या, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायच्या काळात तुझी ड्यूटी कोण करील, हे लेखी घे. "बघू गं" वर विसंबू नकोस; दोघी रजेवर गेल्या की त्या "बघू"चं काय होतं ते तुला माहीत आहे. आणि मान्यता नसलेल्या कोर्सकडे फिरकूही नकोस, कितीही सोयीचा असो.

आता तुझा खरा प्रश्न. इतके पेशंट सांभाळल्यावर डिग्री मला काय नवीन शिकवणार? हात शिकवणार नाही, तो तुझा तयारच आहे. पण बेडसोरचंच घे, एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचं. त्यांचा धोका मोजायचा तक्ता, ब्रेडन स्केल, तू रोज भरतेस: सहा रकाने, बेरीज 6 ते 23 मध्ये, आकडा जितका कमी तितका धोका जास्त. सावळ्या कातडीवर सुरुवातीचा लालसरपणा चटकन दिसत नाही, तिथे हात लावून ऊब आणि घट्टपणा बघावा लागतो, हेही तुला ठाऊक असेल. मात्र वॉर्डाचा प्रोटोकॉल बदला म्हणून मीटिंगमध्ये बोलायला उभी राहिलीस, की "माझा अनुभव आहे" एवढ्यावर कोणी हलत नाही. कुठला अभ्यास, किती पेशंट, कसे निवडले, हे मांडता आलं की ऐकतात. डिग्री घ्यायची ती त्यासाठी. पगारवाढ झाली तर उत्तमच, पण तिच्या भरवशावर कर्ज काढू नकोस.

असाच एक अभ्यास सांगते. 2003 मध्ये नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधली 168 रुग्णालयं अभ्यासली. पदवीधर नर्सेसचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त असेल, तिथे ऑपरेशननंतर 30 दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता 5 टक्क्यांनी कमी आढळली. 2014 मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासात हाच आकडा 7 टक्के आला. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळेच दुसरी घडली, असं होत नाही. हा फरक शिकवतात स्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे ज्या विषयाला तू सगळ्यात घाबरतेस त्याच विषयात!

असाइनमेंटचे विषय वॉर्डातूनच उचल, वेळ वाचतो. केसपेपरचे फोटो मात्र मोबाइलमध्ये काढून नेऊ नकोस. वर्गातल्या पोरी तुझ्याहून लहान असतील, कॉम्प्युटरवर भराभर संदर्भ शोधतील. लाज न बाळगता त्यांना विचार. पोस्टिंगला त्याच तुझ्यामागे येतील. स्टॅटिस्टिक्सच्या माझ्या वह्या अजून आहेत, हव्या असतील तर घेऊन जा. अक्षर लागलं नाही तर फोन कर, दुपारी तीननंतर.

तुझी,
जुनी इन्चार्ज सिस्टर