पोरगा मार्कोसला चाललाय, आणि मेसेजला एकच टिक

प्रश्न : ताई नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातली. आमच्याकडं घरटी एक तरी फौजी असतोच, चुलत सासरे मराठा लाईट इन्फंट्रीत होते, दीर दोन वर्षांपूर्वी सुभेदार म्हणून रिटायर होऊन आले, त्यामुळं वर्दीची भीती मला नाही. माझा धाकटा बारावी सायन्स करून नेव्हीत एसएसआरमधून, म्हणजे बारावीवाल्यांच्या खलाशी भरतीतून लागला, अग्निवीरच्या आधीची भरती, ओडिशात चिल्काला ट्रेनिंग झालं, मग जहाजावर. तेव्हा वाटलं चला, पाण्यावर आहे, बॉर्डरवर तर नाही. आता चार वर्षं झाली आणि मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, आई मी मार्कोससाठी, म्हणजे नेव्हीच्या कमांडोसाठी नाव दिलंय, पहिली चाचणी पास झालोय, आता पुढच्या सिलेक्शनला जातोय, फोन लागणार नाही. सांगितलं कधी, तर सगळं ठरल्यावर. हे म्हणजे माझे मिस्टर काहीच बोलत नाहीत, नुसते गोठ्यात जाऊन बसतात. भाऊ म्हणतो शपथ घाल, आईची शपथ मोडायचा नाही तो, आणि ते स्वतःहून सोडता येतं म्हणे. दिरांनी मोबाईलवर व्हिडीओ दाखवला, पोरं हातपाय बांधून पाण्यात सोडलेली, मी पुढचा बघितलाच नाही. याला पोहायला त्याच्या मामानंच शिकवलं आमच्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून, मी काठावर उभी राहून ओरडत होते आणि हा खाली हसत होता. आता मेसेज टाकला की एकच टिक येते. मी रोज टाकीजवळ जाऊन उभी राहते, तिथं रेंज बरी असते, आणि परत बघते. त्यात एक स्थळ आलंय, मुलीकडच्यांना काय सांगायचं तेही कळत नाही. शपथ घालू का? आणि त्याला काही झालं तर आम्हाला कळणार तरी कसं?
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझे मिस्टर नेव्हीत होते, चीफ पेटी ऑफिसर म्हणून रिटायर झाले, विशाखापट्टणमच्या क्वार्टर्समध्ये माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा फोन नव्हते, फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावर पत्र टाकायचं आणि उत्तर कुठल्या बंदरातून येईल ते येईल. टाकीजवळ उभं राहणं म्हणजे काय ते मला माहिती आहे.

आधी शपथेचं. घालू नका. तो तुमचं ऐकणार नाही अशी भीती मला वाटत नाही, तो ऐकेल याचीच वाटते. सिलेक्शन खरंच स्वेच्छेचं असतं, कुणालाही जबरदस्तीनं मार्कोस करत नाहीत, आणि कधीही हात वर करून बाहेर पडता येतं, पडणाऱ्यांची संख्याही मोठी असते. पण बाहेर पडायचं ते त्याच्या शरीरानं आणि मनानं सांगितलं म्हणून, आईनं शपथ घातली म्हणून नाही. शिवाय समजा त्यानं तुमची शपथ ऐकली आणि तरीही त्याच्यानं सोडवलं नाही, तर ती शपथ डोक्यात घेऊन तो पाण्याखाली जाईल. तिथं माणसं जोडीनं उतरतात, त्याला बडी म्हणतात, एकाचा श्वास दुसऱ्यानं सांभाळायचा असतो. अर्ध्या मनानं उतरलेला माणूस स्वतःला तर धोका असतोच, बडीलाही असतो. तो बडीसुद्धा कुणाच्यातरी आईचा आहे.

आता तो कुठं चाललाय ते सांगते, कारण मला वाटतं अर्धी भीती त्या व्हिडीओची आहे. मार्कोस म्हणजे नेव्हीचे मरीन कमांडो. फेब्रुवारी १९८७ मध्ये ही तुकडी उभी केली, तेव्हा नाव वेगळं होतं. त्याच वर्षी ते श्रीलंकेत जाफनाला होते, १९८८ मध्ये मालदीवमधल्या बंडाच्या वेळी होते, काश्मीरमध्ये वुलर तलावावर वर्षानुवर्षं आहेत, तिथले लोक त्यांना दाढीवाली फौज म्हणतात. २६/११ ला मुंबईत ताज आणि ट्रायडंटमध्ये दिल्लीहून एनएसजी यायच्या आधी हेच शिरले होते. विशाखापट्टणमजवळ भीमुनिपट्टणमला त्यांचा तळ आहे, आयएनएस कर्ण, २०१६ मध्ये कमिशन झाला, आणि आपल्या मुंबईजवळ करंजाला आयएनएस अभिमन्यू. निवड झाली तरी ट्रेनिंग वर्षभरात उरकत नाही, पाण्याखालचं काम कोचीला, पॅराशूट आग्र्याला, जंगलातलं वेगळं, बर्फातलं वेगळं. म्हणजे नाव दिलं आणि उद्या लढाईवर असं नसतं ताई. हातपाय बांधून पाण्यात सोडतात ते खरं आहे, पण काठावर इन्स्ट्रक्टर आणि पाण्यात सेफ्टीचे डायव्हर असतात, पोराला घाबरून न जाता श्वास धरायला शिकवायचं असतं. तुमच्या भावानं पाठीवरचा बिंडा कधीतरी काढलाच असेल ना, तेव्हा तो स्वतः विहिरीत बाजूलाच असणार.

धोका नाही असं मी लिहिणार नाही, तुम्ही फौजी घरातल्या आहात, तुम्हाला खोटं पटणारही नाही. ताजमध्ये प्रवीण तेवतिया नावाच्या मार्कोसला गोळ्या लागल्या, फुप्फुसाला इजा झाली, कानानं कमी ऐकू यायला लागलं, शौर्यचक्र मिळालं, आणि पुढं तोच माणूस लडाखमध्ये खारदुंगलाची मॅरेथॉन पळला. पॅराशूटच्या सरावात जीव गेल्याच्या बातम्याही येतात. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाजवळ रात्री बोटीवर चढताना अमेरिकेचे दोन नेव्ही सील, म्हणजे त्यांच्या नेव्हीचे कमांडो, समुद्रात पडून गेले, जगातले सगळ्यात तयार समजले जाणारे. हे मी लपवत नाही. पण त्याच समुद्रात दोन महिन्यांनी काय झालं तेही बघा. एमव्ही रुएन नावाचं मालवाहू जहाज चाच्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये पळवलं होतं, १७ खलाशी आत अडकलेले. मार्च २०२४ मध्ये आपली युद्धनौका आयएनएस कोलकाता तिथं पोचली, आपल्या किनाऱ्यापासून २६०० किलोमीटर लांब, विमानातून मार्कोस आणि त्यांच्या बोटी समुद्रात उतरवल्या, ४० तास ऑपरेशन चाललं, ३५ चाचे शरण आले आणि १७ च्या १७ खलाशी सुखरूप सुटले, कुणाला खरचटलं नाही. ते ४० तास इकडं कितीतरी घरात मेसेजला एकच टिक असणार आणि त्या बायांना काही माहिती नसणार, बातम्या लागल्यावर कळलं असेल. काही जणींना तेव्हाही कळलं नसेल की त्यात आपलाच होता.

एका टिकबद्दल अजून एक. २०१९ च्या शेवटी हेरगिरीचं प्रकरण निघालं, नेव्हीतलीच काही पोरं सोशल मीडियावरून जाळ्यात ओढली गेली होती, आणि त्यानंतर नेव्हीनं तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुकवर बंदी आणली. तेव्हापासून ही मंडळी फोनच्या बाबतीत फार कडक आहेत, आणि ट्रेनिंगमध्ये तर फोन हातात नसतोच. तर एकच टिक म्हणजे फोन बंद आहे, एवढाच अर्थ लावायचा. त्यावरून दुसरं काही वाचत बसायचं नाही. आणि काही झालंच, तर नेव्ही घरच्यांना स्वतः कळवते, त्यांच्या रेकॉर्डमध्ये जवळचं नातेवाईक म्हणून ज्याचं नाव असतं त्याला. गावातल्या ग्रुपवर आधी काही आलं तर विश्वास ठेवायचा नाही, आणि दिरांना सांगा की असले व्हिडीओ आता घरात नकोत. तुम्हीसुद्धा स्टेटसला त्याचा वर्दीतला फोटो, युनिटचं नाव, तो कुठं चाललाय, हे टाकू नका. अभिमानानं टाकावंसं वाटतं, मला कळतं, पण ते आपल्याच पोराच्या अंगावर येऊ शकतं.

मग विचारायचं काय? पुढच्या फोनला कुठं आहेस, काय करतोस, धोका आहे का, हे विचारू नका. तो सांगू शकणार नाही, मग तो खोटं बोलेल, तुम्हाला ते कळेल, आणि दोघांचाही फोन कडू होईल. ज्याचं उत्तर तो देऊ शकतो तेवढंच विचारा. आमच्या वरच्या मजल्यावर एका कमांडोचं कुटुंब राहायचं, त्याची आई बिहारहून आली होती. तो दोन-दोन महिने गायब. एकदा संध्याकाळी आला, ती जिन्यात मटार सोलत बसली होती, मी समोरच दारात होते. तिनं काही विचारलं नाही, परात बाजूला केली, त्याचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे करून तळवे बघितले, बोटं मोजल्यासारखी चाचपली, आणि म्हणाली, खाना खाया? तो तिथंच पायरीवर बसला आणि मटार सोलायला लागला. त्या बाईला जे हवं होतं ते तिला तळहातावर मिळालं होतं.

कागदांचं मात्र स्पष्ट विचारा, त्यात अशुभ काही नाही. ग्रुप इन्शुरन्सला आणि पीएफला नॉमिनी कोण, बँकेत तुमच्याबरोबर जॉइंट खातं आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नेव्हीच्या रेकॉर्डमध्ये तुमचं नाव जसं आहे तसंच आधारवर आहे का. एकीकडं सुमनबाई आणि दुसरीकडं नुसतं सुमन, एवढ्यावरून बायकांनी वर्षानुवर्षं खेटे घातलेले मी बघितलेत. काही अडलं तर साताऱ्यालाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, दिरांना ते ठिकाण माहिती असणार. पगाराचंही सांगते, कारण विचारायला लोक लाजतात, मार्कोसना दरमहा वेगळा भत्ता असतो, सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ मध्ये, तो सेलरना १७,३०० रुपये झाला होता. पैशासाठी कुणी हे करत नाही, पण घर चालवणाऱ्या बाईला ते माहिती असावं.

स्थळाचं. मुलीकडच्यांना आत्ताच सांगा, आणि मुलीला स्वतःला कळू द्या, नुसतं वडिलांना नाही. नेव्हीत आहे, कमांडोच्या सिलेक्शनला गेलाय, झालं तर घरी कमी असेल आणि कुठं आहे ते सांगता येणार नाही, एवढं पुरे. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. लग्नानंतर कळण्यापेक्षा ते लाख पटीनं बरं.

मिस्टरांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत पण मला ते जास्त लागलं. गोठ्यात बसलेल्या माणसाला बाहेर बोलावू नका, तुम्ही तिथं जाऊन बसा. न बोलता बसा. त्यांनाही टिक बघायची असते, फक्त त्यांच्या फोनवर त्याचा नंबर उघडायची हिंमत होत नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ती होण्याची शक्यता बरीच आहे. त्याची निवड होणार नाही. बरीच चांगली, तयारीची पोरं तिथून परत येतात, गुडघा जातो, खांदा जातो, झोपेविना पाचव्या दिवशी डोकं काम करत नाही, आणि मग ती आपल्या मूळ ब्रँचला जहाजावर परत जातात, नोकरीला काही धक्का लागत नाही. त्या दिवशी फोन वाजेल आणि तो म्हणेल, आई, झालं नाही. तेव्हा तुमच्या तोंडून "बरं झालं" निघेल, ते गिळा. देवाजवळ दिवा लावायचा असेल तर फोन ठेवल्यावर लावा. त्याला म्हणा, रजा मिळते का बघ, विहिरीला पाणी चांगलं आहे यंदा. आणि भावाला आधीच सांगून ठेवा की पोराला कुणी काही बोलायचं नाही, पाहुण्यांतलं कुणी हसून "काय, कमांडो?" म्हणालं तर तिथल्या तिथं थांबवायचं. पास झालेल्याला सांभाळायला सगळी नेव्ही आहे. परत आलेल्याला घरच लागतं.

---

प्रश्न : याच विषयावर विचारतो. माझी मुलगी अग्निवीर म्हणून नेव्हीत आहे, चिल्काचं ट्रेनिंग झालं, आता जहाजावर आहे. ती म्हणते पप्पा मी पण मार्कोस होणार. मुलींना घेतात का, की कुणीतरी तिला उगाच नादी लावतंय?
— एक वडील, चोपडा, जि. जळगाव

उत्तर : कुणी नादी लावत नाहीये दादा. डिसेंबर २०२२ मध्ये बातम्या आल्या की नेव्हीनं मार्कोसची दारं मुलींना उघडली, नाव द्यायचं आणि निकष पूर्ण करायचे, थेट नेमणूक कुणालाच नसते, मुलांनाही नाही. अग्निवीरांची पहिली तुकडी चिल्काहून मार्च २०२३ मध्ये बाहेर पडली तेव्हा अडीच हजारांहून जास्त जणांत सुमारे पावणेतीनशे मुली होत्या, त्यामुळं तुमची एकटी नाही. पण तिची चार वर्षांची मुदत आहे, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के लोकांना कायम घेतात, आणि कमांडोचं ट्रेनिंग लांबलचक असतं. तेव्हा तिला म्हणा, आपल्या डिव्हिजनल ऑफिसरला, म्हणजे जहाजावर तिच्यासारख्यांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला, सरळ विचार की अग्निवीर असताना नाव देता येतं का आणि मुदतीचं काय होतं. तोवर तिनं पोहणं आणि पळणं वाढवावं. आणि सुट्टीवर येईल तेव्हा तापीला घेऊन जाऊ नका, प्रवाहाच्या पाण्यात एकट्यानं सराव करायचा नसतो, जळगावला स्विमिंग टँक आहे तिथं न्या, आणि तुम्ही काठावर बसा.