पैशांची तंगी असताना घरी ब्रेड, केक करणं खरंच परवडतं का?

परवडतं, पण ओव्हन आधीपासून घरात असेल तरच. बचतीसाठी नवा ओव्हन घ्यायचा विचार असेल तर राहू द्या.

मी एवढं ठासून सांगतेय कारण हा प्रश्न मला आमच्या जाऊबाईंनी विचारला होता, आणि तो चौकशी म्हणून नव्हता. माझ्या नवऱ्याचा पगार सात महिने बंद होता. लेकीचा वाढदिवस आला. घरात अंडी, लोणी, दूध यातलं काही नव्हतं. मैदा, साखर, कोको, तेल होतं. बेकिंग पावडर संपलेली, म्हणून मी तेवढाच सोडा घातला. सोडा पावडरीच्या तिप्पट-चौपट तेज असतो हे तेव्हा माहीत नव्हतं. केक फुगला झकास, आणि तोंडात घातला तर साबण! जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "विजेचं बिल तरी कशाला वाढवलंस?" लेक काही बोलली नाही, वरचा कडक भाग खात बसली.

आठवडाभराने परत केला. दीड कप मैदा, १ कप साखर, ३ मोठे चमचे कोको, १ छोटा चमचा सोडा, चिमूटभर मीठ, १ मोठा चमचा व्हिनेगर, पाव कपाहून थोडं जास्त तेल, १ कप पाणी. व्हिनेगर सोड्याला भेटताच बुडबुडे सुटायला लागतात, म्हणून मिसळलं की लगेच आत. १८० अंशांवर अर्धा तास. आजही हाच करते, पैसे आहेत तरी.

बिलाचं म्हणाल तर त्यांचं अर्धं खरं होतं. २००० वॉटचा ओव्हन सलग तासभर तापला तर २ युनिट जातात. थर्मोस्टॅट मधेमधे बंद करतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी, पण एका छोट्या लादीसाठी तेवढंही जास्तच. मी मग ब्रेड, केक आणि भाजायच्या भाज्या एका तापण्यात उरकायला लागले. शेवटची पाच-सात मिनिटं ओव्हन बंदच, आतली धग पुरते.

ब्रेडला यीस्टची पुडी रिकामी करू नका. ४०० ग्रॅम मैद्याला पाव छोटा चमचा यीस्ट, मीठ, ३०० मिली पाणी, आणि रात्रभर झाकून ठेवायचं. मळायचंही नाही. उन्हाळ्यात लवकर फुगतं, तेवढं बघा.

आणि उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या थंडाव्यात त्यातला स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. कापून फ्रीझरमध्ये टाका, लागेल तसा भाजून घ्या. हे मी तेव्हापासून सांगतेय. जाऊबाई अजून फ्रिजमध्येच ठेवतात आणि माझ्याकडे येऊन "तुझा ब्रेड मऊ कसा राहतो गं" विचारतात.

बुरशी दिसली तर मात्र काटकसर बाजूला ठेवून अख्खा ब्रेड फेका, तेवढाच तुकडा कापून नाही. बाकी गॅस ओव्हन असेल तर माझा युनिटांचा हिशेब तुमच्या कामाचा नाही.