आझालाईस: अझेलियाचं फूल नव्हे, अ‍ॅलिसची बहीण

प्रश्न असा आला आहे: दक्षिण फ्रान्समधलं 'आझालाईस' हे मध्ययुगीन स्त्रीनाम अझेलिया फुलावरून आलं का? नाही. अझेलिया हा ग्रीक 'कोरडा' या अर्थाच्या शब्दावरून वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १८व्या शतकात रूढ केलेला शब्द. कवयित्री आझालाईस द पोर्काइरागस (तिचं एकच गीत उरलं आहे) त्याआधी सहाशे वर्षं, १२व्या शतकात होऊन गेली.

नाव ऑक्सितान (दक्षिण फ्रान्सची भाषा) असलं तरी मूळ जर्मानिक: आदालहाइद. 'आदाल' म्हणजे कुलीन, 'हाइद' म्हणजे प्रकृती, प्रकार. जर्मन '-हाइट' आणि इंग्रजी '-हूड' हे प्रत्यय याच कुळातले. लॅटिन लेखनात त्याचं आदालहाइदिस झालं. पुढे शेवटच्या 'दिस'मधला स्वर गळाला, द आणि स एकजीव झाले.

खरी गंमत पहिल्या 'द'ची. दोन स्वरांमधला लॅटिन द ऑक्सितानमध्ये झ होतो: औदिरे (ऐकणे) चं औझिर, लौदारे (स्तुती करणे) चं लौझार. उत्तरेच्या फ्रेंचमध्ये तो चक्क गळतो: ऊईर, लुए. म्हणून एकाच नावाचं दक्षिणेत आझालाईस झालं आणि उत्तरेत आएलिस, आलिस. इंग्रजीतली अ‍ॅलिस तीच. जर्मनमध्ये आडेलहाइड टिकलं, त्याचं लाडकं रूप हायडी. क्रिकेटमुळे आपल्या ओळखीचं अ‍ॅडलेड शहरही १८३६ साली याच नावाच्या ब्रिटिश राणीवरून वसलं.

आलाझाईस हे रूप दिसलं तर वेगळं नाव समजू नये. 'नुकसान'चं 'नुसकान' होतं तसा हा वर्णविपर्यय. दक्षिण फ्रान्समधल्या पामियेचा बिशप झाक फूर्निये याने १३१८ ते १३२५ मध्ये घेतलेल्या धार्मिक चौकशीच्या जबान्यांत, विशेषतः मोंतायू गावच्या, आलाझाईस पुन्हापुन्हा भेटतात.

जुन्या दस्तऐवजांत शोधताना घोटाळा इथेच होतो. लॅटिनमध्ये लिहिणारा कारकून बोलीतला झ मोडून पुन्हा द घालतो, त्यामुळे एकच बाई एका कागदात आदालाईस, दुसऱ्यात आझालाईस असते. सूचीत आद-, आझ-, आला- तिन्ही ठिकाणी पाहावं. एलिस हे एलिझाबेथचंही रूप असू शकतं. ते सरसकट यात ओढू नये. दक्षिण फ्रान्समधल्या आलेस शहराचं नाव १९२६पर्यंत 'आलाइस' असं लिहीत, त्याचाही या नावाशी संबंध नाही.

उच्चारात झ 'माझा'तला, 'माझी'तला नव्हे. 'ला' आणि 'ई' सुटे, आघात 'ई'वर, आणि शेवटचा स पूर्ण उच्चारायचा.